तीन लेक्सिंग्टन, एक मामा

ऑस्टिनहून रालीला बदली झाली तेव्हा सामान ट्रकने पुढे गेलं आणि गाडी तेवढी मागे राहिली. ऑफिस गाडीही पाठवायला तयार होतं, पण मीच म्हटलं, चालवत नेते. नेमका त्याच महिन्यात मामा पुण्याहून आलेला. तुला विमानात बसवून देते, म्हटल्यावर तो रुसला. "मी काय पार्सल आहे का?" झालं. एप्रिल २०२५ मधल्या एका शुक्रवारी रात्री आम्ही दोघं, एक आइसबॉक्स आणि मामाची खिशातली वही असे तयार झालो. अंतर सुमारे १,४०० मैल. टेक्सस, आर्कन्सॉ, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना.

या चारही राज्यांत बार्बेक्यू म्हणजे जवळजवळ धर्म, आणि चारही ठिकाणी देव वेगळा. आधीच्या एका प्रवासात हा धर्म मी पुरता भ्रष्ट केला होता. भूक लागली की हायवेवरची निळी पाटी बघायची, पाटीवरच्या नावांतलं एक निवडायचं आणि उतरायचं. तीन दिवस रबर खाल्लं. नंतर कळलं की त्या पाटीवर यायला पैसे भरावे लागतात. शिवाय आठवड्यातून किमान सहा दिवस, रोज किमान दोन वेळचं जेवण द्यायची अट असते. आठवड्यातून एकदाच भट्टी पेटवणारा, किंवा माल संपला की दहा वाजता कुलूप लावणारा, त्या पाटीवर येणार कसा? म्हणजे मी जे शोधत होते ते पाटीवर सापडणारच नव्हतं.

या वेळी उलटं केलं. आधी भट्ट्या ठरवल्या, मग मुक्काम. चारपाच दिवस संध्याकाळी फोन करत बसले. वार कोणते, माल साधारण किती वाजता संपतो आणि लाकूड कोणतं, एवढंच विचारायचं. तिसऱ्या प्रश्नात सगळं कळतं. जो खरंच लाकूड जाळतो तो एका शब्दात उत्तर देतो. "हिकरी." "पोस्ट ओक." बस्स. जो गॅसच्या कपाटात चवीपुरती दोन लाकडं टाकतो, तो आधी "आमची खास पद्धत आहे" वगैरे सुरू करतो. माझ्या यादीतली निम्मी नावं इथेच गळली.

मामा कागदी नकाशावर चष्मा टेकवून बसला होता. मध्येच म्हणाला, "अगं, हे एकच गाव तीनदा छापलंय."

खरंच की. टेक्ससमध्ये लेक्सिंग्टन, टेनेसीत लेक्सिंग्टन, नॉर्थ कॅरोलायनात लेक्सिंग्टन. १७७५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला इंग्रजांशी पहिली चकमक झाली, तेव्हापासून या देशात त्या नावाची गावं जागोजागी आहेत. गंमत अशी की आमच्या वाटेवरची तिन्ही लेक्सिंग्टनं बार्बेक्यूची, आणि तिघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. पहिल्यात गाय, दुसऱ्यात अख्खं डुक्कर, तिसऱ्यात डुकराचा फक्त खांदा. मामा गोमांस खात नाही. बाकी कशाला त्याची ना नाही. त्यामुळे पहिल्या गावाची मला जरा धाकधूक होती.

शनिवारी पहाटे साडेपाचला पहिल्या लेक्सिंग्टनमध्ये पोचलो. ऑस्टिनपासून जेमतेम पन्नास मैल. इथलं 'स्नोज' फक्त शनिवारी उघडतं, सकाळी आठला. अंधारात सत्तरऐंशी माणसं आधीच घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली. २००८ मध्ये 'टेक्सस मंथली' मासिकाने या दुकानाला राज्यात पहिला नंबर दिला तेव्हापासून ही रांग आहे. टूट्सी टोमानेट्झ या बाईंनी इथल्या भट्ट्या जगप्रसिद्ध केल्या. १९३५ चा जन्म, म्हणजे नव्वदीची बाई! मामाला हे सांगितल्यावर तो आपोआप सरळ उभा राहिला.

रांगेतून मागची शेड दिसते. तिथे पोस्ट ओकचे निखारे फावड्याने उचलून लोखंडी भट्ट्यांच्या तळाशी पसरतात, आणि वर जाळीवर चिकन आणि पोर्क स्टेक. मधूनमधून एक माणूस बादलीत बुडवलेला पोछा मांसावरून फिरवत होता. हो, पोछाच, लादी पुसायचा असतो तसाच, फक्त छोटा. धार खाली पडली की निखाऱ्यांतून चुर्र होऊन वाफेचा लोट वर येतो आणि अख्खी रांग मान वळवते.

आपण घरच्या अंगणात जाळीवर दहा मिनिटांत जे भाजतो त्याला इकडे बार्बेक्यू म्हणत नाहीत, ते ग्रिलिंग. बार्बेक्यू म्हणजे सव्वादोनशे ते पावणेतीनशे फॅरनहाइटची मंद धग आणि रात्रभराचा धीर. ब्रिस्केट हा गाईच्या छातीकडचा निबर भाग. जनावराचा सगळा पुढचा भार त्या स्नायूंवर. लवकर शिजवाल तर चामडं. बारा-चौदा तास दिलेत तर आतलं कोलॅजन हे चिवट प्रथिन विरघळून जिलेटिन होतं आणि तेच चामडं लोण्यासारखं होतं. मध्येच एक टप्पा येतो, दीडशे-एकशेसाठच्या आसपास, तिथे मांसाचं तापमान तासन्‌तास हलतच नाही. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि घामाने आपण गार होतो तसं मांस स्वतःला गार करत बसतं. नवशिका तिथे घाबरून आग वाढवतो आणि सगळं घालवतो.

आठ वाजून गेले, नंबर आला. मी ब्रिस्केट घेतलं, पाव पाऊंड लीन, पाव पाऊंड चरबीवालं. पेन्सिलीच्या जाडीचा काप बोटावर टांगून बघायचा. वाकायला हवा, पण तुटायला नको, आणि दोन्ही टोकांना हलकेच ओढलं की सुटायला हवा. सुटला. मामाला चिकन आणि पोर्क स्टेक. त्याने चिकन मोडलं आणि हाडाजवळचा गुलाबी रंग बघून ताटली सरकवली.

"कच्चं आहे."

"मामा, धुराचा रंग आहे तो."

"मला शिकवू नकोस."

लाकडाच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिन या लाल प्रथिनाला चिकटतो आणि तो गुलाबी रंग शिजल्यावरही जात नाही. हे मी सांगत असताना बाजूच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने काही न बोलता स्वतःच्या ताटलीतला तसाच गुलाबी तुकडा उचलून तोंडात टाकला आणि मामाकडे बघून मान हलवली. त्यानंतर मामाने हाडं चोखली. पोर्क स्टेकबद्दल वहीत लिहिलं, "मिरपूड जास्त. उत्तम."

तिथून यूएस ७९ हा हायवे धरला. इंटरस्टेटपेक्षा, म्हणजे मोठ्या द्रुतगती मार्गापेक्षा, हळू, पण हर्न, पॅलेस्टीन, कार्थेज अशी गावं मधून जातात आणि माणसं दिसतात. पाच तासांचा रस्ता आम्ही सात तासांत केला, मग मुक्काम टेक्सारकानाला. इथलं पोस्ट ऑफिस आणि कोर्ट बरोबर राज्याच्या सीमेवर उभं आहे, अर्धी इमारत टेक्ससमध्ये, अर्धी आर्कन्सॉत. मामाने दोन राज्यांत दोन पाय ठेवून फोटो काढला. लगेच पुसून पुन्हा काढायला लावला, कारण पोट दिसत होतं.

रविवार म्हणजे बार्बेक्यूचा उपास. हे ज्यांना माहीत नसतं ते दक्षिणेत रविवारी आणि बऱ्याचदा सोमवारीही बंद दारांसमोर उभे राहतात. घरगुती दुकानं रविवारी चर्चसाठी बंद, आणि रविवारी मालकाने भट्टी पेटवली नाही तर सोमवारी विकणार काय? मला हे माहीत होतं, म्हणून रविवार बघण्यासाठीच ठेवला होता. आइसबॉक्समध्ये मामासाठी चिकन होतंच. गार मांस बर्फात ठेवायचं, दोन तासांहून जास्त बाहेर ठेवायचं नाही, आणि गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही. एप्रिलमध्येही डिकी भट्टीच असते.

हॉट स्प्रिंग्जला मी कधीचं जायचं म्हणत होते. भर गावातलं राष्ट्रीय उद्यान, डोंगराच्या पायथ्याशी जुन्या स्नानगृहांची रांग, आणि जमिनीतून येणारं साधारण १४३ अंश फॅरनहाइटचं पाणी, म्हणजे आपले ६२ सेल्सिअस. उद्यानवाल्यांच्या पाटीनुसार हे पाणी सुमारे ४,४०० वर्षांपूर्वी पाऊस म्हणून पडलं, मुरत खोल गेलं, तापलं आणि भेगेतून झपाट्याने वर आलं. रस्त्याकडेला नळ आहेत, कुणीही फुकट भरून न्यावं. लोक मोठाले कॅन घेऊन येतात. मामाने पातळ प्लॅस्टिकची पाण्याची बाटली नळाखाली धरली आणि ती त्याच्या हातातच आकसून चुरमडली. "चार हजार वर्षांचं पाणी आणि दोन पैशांची बाटली," म्हणत त्याने ती तशीच जपून ठेवली. शेवटपर्यंत ती कपहोल्डरमध्ये अडकून बसली होती आणि माझ्या कॉफीला जागा नव्हती.

दुपारी लिटल रॉकला सेंट्रल हायस्कूलसमोर थांबलो. १९५७ मध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना या शाळेत पाऊल टाकता यावं म्हणून राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना सैन्य पाठवावं लागलं. शाळा आजही चालू आहे. समोरचा त्या वेळचा पेट्रोलपंप जपून ठेवलाय, बातमीदार तिथल्या फोनवरून बातम्या द्यायचे. अर्धा तास म्हणून थांबलो, दीड तास गेला.

त्या रात्री मुद्दाम फॉरेस्ट सिटीला झोपलो. कारण सकाळी मॅरियाना. आय-४० या इंटरस्टेटपासून वीसेक मैल आत, मिसिसिपी नदीकाठच्या डेल्टाच्या सपाट शेतांतलं गाव. तिथलं 'जोन्स बार-बी-क्यू डायनर' एका कृष्णवर्णीय कुटुंबाकडे शंभराहून अधिक वर्षं चालत आलंय. २०१२ मध्ये जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतला नावाजलेला खाद्यपुरस्कार मिळाला, आर्कन्सॉतला पहिलाच. २०२१ मध्ये आगीत जागा जळाली, त्यांनी पुन्हा बांधली. दोन खोल्यांचं घर, बाजूला लाकडाचा ढीग. मेनू वाचायला दोन सेकंद लागतात. डुक्कर, ब्रेडमध्ये किंवा वजनावर. स्लॉ, म्हणजे चिरून कालवलेला कोबी, हवा की नको? एवढाच निर्णय तुमचा. उघडतं सकाळीच आणि माल संपला की बंद.

पांढऱ्या मऊ ब्रेडवर तासन्‌तास शिजवून बारीक केलेलं मांस, आंबटसर पातळ सॉस, वर कोबी, आणि सगळं फॉइलमध्ये गुंडाळलेलं. गाडीच्या बॉनेटवर ठेवून खाल्लं. ब्रेडचा खालचा काप सॉस पिऊन पार विरघळला होता, म्हणून खालून हाताची ओंजळ धरून खावं लागत होतं. सकाळी आठला. मामा म्हणाला, "आणखी एक आण. स्लॉ नको." मी परत आत गेले तेव्हा माझ्यामागे सहा माणसं होती आणि सगळ्यांनी वजनावर घेतलं, दोन-दोन, तीन-तीन पाऊंड. संपतं कसं, ते कळलं. संपूर्ण प्रवासात पैशाला सर्वांत महाग मांस टेक्ससमध्ये होतं, सर्वांत स्वस्त हे. चवीचा क्रम मी देणार नाही, पण हा ब्रेड मला अजून स्वप्नात येतो.

मेम्फिसबद्दल थोडक्यात. लोरेन मोटेलच्या बाल्कनीत ३०६ नंबरच्या खोलीबाहेर अजून पुष्पचक्र आहे. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागली तेव्हा ते तिथे उभे होते. आता मोटेलचंच संग्रहालय झालंय, आणि ते मंगळवारी बंद असतं, म्हणून आम्ही सोमवार साधला होता. किंग १९५९ मध्ये भारतात येऊन गेले होते, हे मामाला शाळेपासून ठाऊक. बाहेर आल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. शेजारीच 'सेंट्रल' नावाच्या बार्बेक्यूच्या दुकानात बरगड्या खाल्ल्या, कोरड्या मसाल्याच्या, सॉसशिवाय. चांगल्या होत्या. आमचंच लक्ष खाण्यावर नव्हतं.

मंगळवारी दुसरं लेक्सिंग्टन. आय-४० च्या १०८ नंबरच्या एक्झिटला उतरायचं. इथले एक्झिट नंबर म्हणजे राज्याच्या पश्चिम सीमेपासूनचे मैल, एवढं लक्षात ठेवलं की मेम्फिसहून १०८ नंबर किती लांब हे विचारावं लागत नाही. एक्झिटलाच पार्कर्स क्रॉसरोड्सची यादवी युद्धातली रणभूमी आहे, ३१ डिसेंबर १८६२ ची लढाई. हायवे चक्क तिच्यातून गेलाय. मामाने तोफांभोवती फेरी मारली तोवर मी फोन लावला. "या लवकर," पलीकडची बाई म्हणाली, "मिडलिन संपत आलंय."

पश्चिम टेनेसीत अख्खं डुक्कर शिजवतात. सिमेंटच्या ठोकळ्यांची हौदासारखी भट्टी, वर पुठ्ठे झाकलेले, बाजूच्या वेगळ्या आगीत हिकरी जळते आणि तिचे निखारे फावड्याने खाली सरकवत राहतात. वीसेक तास. मग काउंटरवर तुम्ही अवयव सांगायचा. खांदा, मागची मांडी की मिडलिन, म्हणजे पोटाकडचा चरबीचा भाग. तिन्ही थोडं थोडं घ्या असं मी म्हणेन, पण मिडलिन सोडू नका. ते चमच्याने खाण्याइतकं मऊ असतं आणि धुराची सगळी चव चरबीत उतरलेली असते. मांडीचं मांस आम्हाला कोरडं लागलं. मामाने त्या बाईला विचारलं, आग कधी लावता? ती म्हणाली, "तुम्ही काल कुठे होतात?" आम्ही सोमवारी सकाळी मॅरियानात ब्रेड खात होतो, तेव्हा इथे मंगळवारचं डुक्कर भट्टीवर चढायच्या बेतात होतं.

शाकाहारी सोबत असतील तर एक सांगते. दक्षिणेत 'भाजी' या शब्दावर विश्वास ठेवू नका. हिरव्या शेंगांत बेकन असतं, बीन्समध्ये मांसाचे तुकडे असतात, पालेभाजी डुकराच्या हाडावर शिजलेली असते. बटाट्याचं सॅलड, कोबी आणि मॅकरोनी बहुधा सुटतात. विचारायचं, आणि "मांस आहे का" असं नाही, तर "कशात शिजवलंय" असं विचारायचं.

मग आमचा पोपट झाला. नॉक्सव्हिलजवळच्या एका ठिकाणी साडेसातपर्यंत पोचायचं होतं, आठला ते बंद. नॅशव्हिलनंतर मी आरामात चालवत होते, कॉफीला थांबले, पठारावरचं दृश्य बघितलं. क्रॉसव्हिलच्या पुढे एक साधी पाटी जाते, पूर्वेकडचं प्रमाणवेळ क्षेत्र सुरू. टेनेसीला दोन घड्याळं आहेत हे मला माहीत होतं, आणि तरी विसरले. गाडीच्या घड्याळात सात वीस, दारावरच्या माणसाच्या घड्याळात आठ वीस. तो खुर्च्या उलट्या करत होता. रात्री मोटेलमध्ये मामाने पिशवीतून थेपले काढले, मामीने दिलेले, पाच दिवस जुने. लिंबाच्या लोणच्याबरोबर ते खाताना तो काही बोलला नाही, पण वहीत काहीतरी लिहिलं.

बुधवारी डोंगर. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळात पिजन नदीच्या घळीतला आय-४० चा काही भाग नदीने अक्षरशः कुरतडून नेला होता. १ मार्च २०२५ ला तो उघडला, पण तेव्हा दोन्ही बाजूंना एकच लेन आणि वेग ताशी ३५ मैल. ट्रकांमागे रांगत गेलो. खाली नदीपात्रात झाडं काड्यांसारखी पडलेली. आदल्या संध्याकाळचा धडा ताजा होता, त्यामुळे मी तासभर जादा धरूनच निघाले होते. तो सगळा तास इथे खर्ची पडला.

तिसऱ्या लेक्सिंग्टनला पोचेपर्यंत दीड वाजला. १९१९ च्या सुमारास इथल्या कोर्टासमोर, कोर्टाच्या तारखांच्या आठवड्यात, सिड वीव्हर आणि जेस स्वाइसगुड या दोघांनी तंबू टाकून डुकराचे खांदे विकायला सुरुवात केली. तिथून ही इथली पद्धत पसरली. इथे 'बार्बेक्यू' हे खाण्याचं नावच आहे, गाय वगैरे प्रश्नच येत नाही. आम्ही गेलो 'लेक्सिंग्टन बार्बेक्यू'मध्ये, १९६२ पासूनचं. रस्त्यावरूनच मागच्या विटांच्या धुराड्यांची रांग दिसते. पार्किंगमध्ये पिकअप, वकिलांच्या गाड्या, एक पोलिसांची. खांदे तासन्‌तास ओक-हिकरीच्या निखाऱ्यांवर. वर 'डिप', म्हणजे व्हिनेगर, थोडं केचप, मिरची. कोबीही त्याच डिपमध्ये कालवलेला, म्हणून लाल. पिठाचे तळलेले हशपपी गोळे.

वेट्रेसने विचारलं, चॉप्ड, कोर्स की स्लाइस्ड, म्हणजे बारीक, जाडसर की काप? मी कोर्स म्हणणार तेवढ्यात मामा त्याच्या पाठ्यपुस्तकी इंग्रजीत म्हणाला, "आउटसाइड ब्राउन, प्लीज." म्हणजे खांद्याचा बाहेरचा, धुराने काळपट झालेला खरपूस भाग. तो वेगळा मागावा लागतो, मेनूत असेलच असं नाही. ती हसली. "कुणी शिकवलं?" मामाने माझ्याकडे बघितलंही नाही. रांगेत पुढे उभ्या असलेल्या दोन ट्रक ड्रायव्हरांचं ऐकून त्याने उचललं होतं.

कागदी ट्रेमधला तो भाग काळा-तपकिरी, कडेला कुरकुरीत, आत ओलसर, आणि व्हिनेगरमुळे दुसरा घास पहिल्याइतकाच जोरात लागतो. मामाने ट्रेच्या कोपऱ्यातला डिप हशपपीने पुसून घेतला. मग वही काढली, चष्मा लावला.

संध्याकाळी रालीच्या रिकाम्या घरात, फर्निचर यायच्या आधी, मी जमिनीवर बसून ती वही वाचली. मंगळवार रात्रीची नोंद होती, "घड्याळ एक तास पुढे. भाचीला माहीत होते. थेपले बरे होते." त्याखाली बुधवारची, "लेक्सिंग्टन क्र. ३. रविवारी बंद. बाहेरचे मागावे."